बदलीनंतरही टिकणारा उपक्रम

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



खेड्यातील प्राथमिक शाळेला 'उपक्रम' हा शब्द नवा नाही. वाचनकोपरा, बोलक्या भिंती, परसबाग, शब्दपेटी असे कितीतरी उपक्रम शाळाशाळांतून दरवर्षी सुरू होतात. त्यांतील काही केवळ नोंदवहीपुरते असतात, हे मान्य केले तरी पुष्कळसे खऱ्या तळमळीतून निघालेले असतात. वर्गातील एखादे मूल जोडाक्षरापाशी अडते. ते नेमके कोठे आणि का अडते, हे शिक्षकाच्या ध्यानात येते. तो रात्री बसून पुठ्ठ्याची कार्डे कापतो, सोप्याकडून कठिणाकडे जाणारा क्रम लावतो, आणि महिन्याभरात ते मूल वाचू लागते. पुढे त्या शिक्षकाची बदली होते. कार्डे कपाटात राहतात. ती कोणत्या क्रमाने वापरावयाची, हे कोणालाच ठाऊक नसते. दोन पावसाळे उलटले की वाळवी आपले काम करते. नवा शिक्षक येतो आणि तेच कष्ट पहिल्यापासून आरंभतो. शेजारच्या गावातील शिक्षकाला तर असे काही घडले होते याची वार्ताही नसते.

या हानीची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. परंतु ती फार मोठी आहे. ती टाळावयाची असेल, तर एकट्याने केलेले काम सर्वांच्या हाती कसे राहील याचा विचार आरंभापासूनच केला पाहिजे. संगणकाच्या क्षेत्रात गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नाचे एक उत्तर रूढ झाले आहे. त्याचा दिव्यांग मुलांशी, भाषाशिक्षणाशी आणि म्हणून प्राथमिक शिक्षकाशी फार निकटचा संबंध आहे. त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

संगणक अथवा मोबाइल जे काम करतो, ते माणसाने लिहून ठेवलेल्या आज्ञांप्रमाणे करतो. या आज्ञांच्या समूहाला सॉफ्टवेअर म्हणतात. सामान्यतः सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याला ते वापरता येते. पण आत आज्ञा कशा लिहिल्या आहेत, हे पाहता येत नाही. मिठाई विकत मिळावी आणि कृती मात्र गुप्त राहावी, तसाच हा प्रकार आहे. इ. स. १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी याहून वेगळा विचार जाहीरपणे मांडला. सॉफ्टवेअर वापरण्याची, त्याच्या आज्ञा पाहण्याची, त्यांत दुरुस्ती करण्याची आणि मूळ अथवा दुरुस्त केलेली प्रत दुसऱ्याला देण्याची मोकळीक प्रत्येकाला असली पाहिजे, असा तो विचार होता. इ. स. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने स्वतःच्या हौसेने लिहिलेला लिनक्सचा गाभा जगापुढे उघडा ठेवला, आणि आज जगातील असंख्य यंत्रे त्यावर चालतात. अशा सॉफ्टवेअरला इ. स. १९९८ पासून 'ओपन सोर्स', म्हणजे मुक्तस्रोत, असे नाव रूढ झाले.

ही रीत महाराष्ट्रातील खेड्याला अपरिचित वाटू नये. जात्यावरची ओवी एकीने गायिली, दुसरीने तीत आपल्या माहेरचे नाव घातले, तिसरीने एक चरण वाढविला. ओवीवर कोणाची मालकी नव्हती. म्हणूनच ती गावोगाव गेली आणि गाणारी गेल्यावरही उरली. मात्र एक भेद लक्षात ठेवावा. ओवी तोंडी चालली. मुक्तस्रोत काम लिहून ठेवलेले असते. कोणी, केव्हा, काय बदलले आणि का बदलले, याची नोंद त्यासोबतच राहते. ही नोंद हाच त्याचा प्राण होय.

ज्याची अडचण, त्याची दुरुस्ती

अशा उपक्रमांची मुळे शोधू गेल्यास एक गोष्ट वारंवार आढळते. उत्तम साधन पुष्कळदा त्याच माणसाने घडविलेले असते, ज्याला त्या साधनाची स्वतःला गरज होती. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण संगणकाच्या पूर्वीचे आहे.

लुई ब्रेल यांचा जन्म इ. स. १८०९ मध्ये पॅरिसजवळच्या कूव्रे या गावी झाला. वडील घोड्यांचे खोगीर व चामड्याचे सामान करीत. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात अणकुचीदार हत्यार डोळ्यास लागून या मुलाची दृष्टी गेली. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. त्या काळी तेथे कागदावर उठविलेली नेहमीचीच अक्षरे बोटांनी चाचपून वाचावी लागत. पुढे शार्ल बार्बिए नावाच्या लष्करी गृहस्थाने उठावदार टिंबांची एक लिपी त्या शाळेपुढे मांडली. कल्पना उत्तम होती. पण एकेका खुणेस बारापर्यंत टिंबे असल्यामुळे ती खूण बोटाच्या एका टोकाखाली मावत नसे, आणि ती लिपी उच्चारांवर बेतलेली असल्याने तिच्यात शुद्धलेखन अथवा विरामचिन्हे येत नसत. डोळस माणसाने बनविलेल्या या लिपीतील दोष तिने वाचू पाहणाऱ्या मुलाच्या बोटांना कळला. लुईने टिंबे बारावरून सहावर आणली. इ. स. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याच्या लिपीचा सांगाडा तयार झाला, इ. स. १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. ब्रेल इ. स. १८५२ मध्ये निवर्तले आणि फ्रान्समध्ये त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

स्वतंत्र भारतात इ. स. १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समाईक योजना ठरली. मराठीतील, बंगालीतील अथवा तमिळमधील 'क' डोळ्यांना निरनिराळा दिसतो. भारती ब्रेलमध्ये तो तीनही भाषांत त्याच दोन टिंबांनी लिहितात. संगणकावरील मजकूर ब्रेलमध्ये उतरविण्यासाठी आज 'लिबलुई' नावाचे मुक्तस्रोत साधन वापरले जाते. ब्रेल यांच्याच स्मरणार्थ ते नाव ठेवले आहे. त्याची उभारणी करणारे जॉन बॉयर हे अमेरिकन गृहस्थ दृष्टी आणि श्रवण या दोहोंनाही मुकलेले होते. त्या साधनात मराठीचाही तक्ता आहे, आणि तो तक्ता कोणालाही उघडून तपासता येतो.

दोन मित्रांचे काम

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरला 'स्क्रीन रीडर' म्हणतात. अंध माणसाला तोच डोळा. परंतु पुष्कळ वर्षे या सॉफ्टवेअरची किंमत कधी कधी खुद्द संगणकापेक्षाही अधिक असे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टे हे दोघेही अंध. अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात बालपणी त्यांची ओळख झालेली. डोळस माणसाला संगणक विकत घेताच पडदा दिसतो. अंधाला मात्र तोच पडदा 'ऐकण्यासाठी' पुन्हा मोठी रक्कम मोजावी लागते, हे करन यांना अन्यायाचे वाटले. इ. स. २००६ मध्ये त्यांनी स्वतःच असे सॉफ्टवेअर लिहावयास घेतले. जेम्स टे त्यांना येऊन मिळाले आणि इ. स. २००७ मध्ये त्या कामासाठी दोघांनी एक विनानफा संस्था स्थापन केली. 'एनव्हीडीए' या नावाचे ते सॉफ्टवेअर आज विनामूल्य मिळते, आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी ते पन्नासहून अधिक भाषांत नेले आहे.

स्क्रीन रीडरला बोलण्यासाठी आवाज लागतो. एनव्हीडीएसोबत जो आवाज येतो, त्याचे नाव 'ईस्पीक'. तोही मूळ एका माणसाचा उपक्रम. इंग्लंडमधील जोनाथन डडिंग्टन यांनी तो लिहिला. त्यात माणसाचे बोलणे मुद्रित करून ठेवलेले नाही. ध्वनी कसे घडतात याच्या नियमांवरून यंत्र ते मुख्यतः त्या क्षणी घडविते. म्हणून तो आवाज काहीसा धातूसारखा वाटतो. पण तो इतका लहान आहे की जुन्या, दुर्बळ संगणकावरही विनातक्रार चालतो. पुढे मूळ कर्त्याकडून नवे काम येईनासे झाले, तेव्हा ते काम कपाटात पडून राहिले नाही. आज्ञा उघड्या होत्या, नियम लिहिलेले होते. इ. स. २०१५ च्या अखेरीस इतर मंडळींनी ते 'ईस्पीक एनजी' या नावाने हाती घेतले आणि पुढे चालविले. कर्ता दूर झाला, तरी काम चालू राहिले. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या शिक्षकाने या उदाहरणातून एवढे तरी अवश्य घ्यावे.

यंत्राला मराठी कोण शिकविणार?

ईस्पीकच्या यादीत मराठी आहे. प्रत्येक भाषेसाठी त्यात दोन मुख्य सूची असतात. एकीत अक्षरांवरून उच्चार काढण्याचे नियम, आणि दुसरीत त्या नियमांत न बसणारे शब्द. ही रचना कळली म्हणजे शिक्षकाच्या ध्यानात येईल की हे काम तर त्याच्या रोजच्या परिचयाचे आहे.

देवनागरी लिपी उच्चारानुसारी आहे, असे सांगितले जाते. ते बव्हंशी खरे आहे, पूर्णतः नाही. मूल 'चार, पाच' असे म्हणते, तेव्हा 'चार'मधला च तालव्य असतो आणि 'पाच'मधला दंततालव्य. लिहिताना मात्र दोहोंना एकच अक्षर. 'माझी' आणि 'माझा' यांतील झ निरनिराळा. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. अक्षरे तीच, उच्चार दोन. 'सिंह' लिहितात, बोलताना सिंव्ह म्हणतात. 'मदत' या शब्दातील शेवटचा अकार उच्चारला जात नाही, हे मराठी मुलाला कोणी शिकवीत नाही. यंत्राला मात्र शिकवावे लागते. हिंदीसाठी तयार केलेल्या आवाजाकडून मराठी धडा वाचवून घेतला, तर 'ज्ञान'चे 'ग्यान' आणि 'ऋषी'चे 'रिषी' होते. डोळस मूल पुस्तकात पाहून आपला उच्चार शिक्षकाशी ताडून घेते. अंध मुलाचे पुस्तक म्हणजे हा आवाजच. तो चुकला, तर त्या मुलाची मराठी चुकते.

अंकांची गोष्ट तशीच. मराठीत शंभरपर्यंतच्या संख्यांची नावे जवळजवळ एकेकटी पाठ करावी लागतात. यंत्रालाही ती तशीच द्यावी लागतात. संक्षेपांची अडचण तर कार्यालयीन पत्रातच पाहावी. 'जि. प.', 'इ. स.', 'कि. मी.', 'ता. क.' ही अक्षरे यंत्राने कशी वाचावीत? 'ता.' म्हणजे तारीख की तालुका? संदर्भावरून माणसाला कळते. यंत्राला कोणीतरी सांगावे लागते.

हे सांगणारा कोण? सॉफ्टवेअर लिहिणारे विद्वान असतील. परंतु त्यांतील फारच थोड्यांना मराठी येते, आणि ज्यांना येते त्यांतील फारच थोड्यांनी पहिलीच्या वर्गासमोर उभे राहून मुलांचे उच्चार वर्षानुवर्षे ऐकलेले असतात. मूल कोठे अडखळते, कोणता शब्द दोन प्रकारे म्हटला जातो, हे ज्ञान प्राथमिक शिक्षकाजवळच आहे. ते त्याच्या डोक्यात आहे तोवर त्याच्या बदलीबरोबर तेही गावाबाहेर जाते. लिहून उघडे ठेवले, तर ते भाषेच्या मालकीचे होते.

घरची बोली आणि शाळेची भाषा

दृष्टीची अडचण सर्वांना दिसते. भाषेची अडचण वर्गात गप्प बसते. मेळघाटातील कोरकू मूल, गडचिरोलीतील गोंड मूल, यवतमाळकडील कोलाम मूल किंवा नंदुरबारच्या डोंगरातील भिल्ल मूल शाळेत येते, तेव्हा मराठी ही त्याची घरची भाषा नसते. भिली मराठीच्या नात्यातली आहे. गोंडी आणि कोलामी या द्राविड कुळातील, तर कोरकू मुंडा कुळातील. मराठीशी त्यांचे कुळाचे नाते नाही. अशा मुलाला 'मंद' समजणे हा केवळ अन्याय नव्हे, ते अज्ञान आहे. त्याला एक भाषा उत्तम येते. शिक्षकाला ती येत नाही, इतकेच.

परभाषेतील शब्द ध्यानात राहावेत यासाठी एक शास्त्र आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून इ. स. १८८५ मध्ये दाखवून दिले की पाठ केलेली गोष्ट प्रथम झपाट्याने आणि नंतर हळूहळू विसरली जाते, आणि उजळणी एकाच बैठकीत कोंबण्याऐवजी अंतराअंतराने केल्यास अधिक टिकते. पुढे इ. स. १९७० नंतरच्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी यावरून खोक्यांची सोपी रीत प्रचारात आणली. तीन खोकी घ्यावीत. सर्व शब्दकार्डे पहिल्यात ठेवून ती रोज पाहावीत. बरोबर आलेले कार्ड दुसऱ्या खोक्यात जाते. ते दोन-तीन दिवसांनी पाहावे. तेथेही बरोबर आले, तर तिसऱ्यात, ते आठवड्याने. चुकलेले कार्ड पुन्हा पहिल्या खोक्यात. येणाऱ्या शब्दावर वेळ फुकट जात नाही आणि न येणारा शब्द सुटत नाही.

अंतराअंतराने उजळणीच्या याच तत्त्वावर संगणकासाठी एक साधन तयार केले डेमियन एल्म्स या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी. त्यांना स्वतःला जपानी भाषा शिकावयाची होती. इ. स. २००६ मध्ये त्यांनी तयार केलेले 'अँकी' हे साधन आज जगभर भाषा शिकणारे आणि वैद्यकीचे विद्यार्थीही वापरतात. येथेही आरंभ एकाच माणसाच्या गरजेतून झाला, आणि आज्ञा उघड्या राहिल्या.

गावच्या शाळेत याचा उपयोग दुहेरी आहे. मुलांसाठी चित्र, मराठी शब्द आणि शिक्षकाचा आवाज अशी कार्डे करता येतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिक्षकाने स्वतःसाठी मुलांच्या बोलीची कार्डे करावीत. 'पाणी', 'भूक', 'दुखते', 'समजले नाही', 'पुन्हा सांगा' असे शंभर शब्द व वाक्ये गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांकडून त्यांच्याच आवाजात घ्यावीत, देवनागरीत लिहावीत आणि तीन महिन्यांत पाठ करावीत. ही पेटी बदलीच्या वेळी नव्या शिक्षकाच्या हाती दिली, तर त्याचा पहिला दिवस मुक्याचा जाणार नाही. ती संगणकावर उघडी ठेवली, तर त्या भाषेच्या प्रदेशातील प्रत्येक शाळेला तिचा लाभ होईल.

शिक्षकाला करता येण्याजोगी कामे

संगणकाच्या आज्ञा लिहिता आल्याशिवाय अशा कार्यात भाग घेता येत नाही, हा समज चुकीचा आहे. पुढील पाच कामांना मोबाइल, मराठी आणि चिकाटी एवढेच लागते.

१. उच्चारसूची. आपल्या इयत्तेच्या शब्दांतून यंत्र चुकीचे वाचते असे शब्द वेचावेत. प्रत्येकापुढे खरा उच्चार आणि तो शब्द वापरलेले स्वतःचे एक वाक्य लिहावे. वीस शब्दांची अचूक सूची ही दोनशे शब्दांच्या घाईच्या सूचीहून अधिक मोलाची.

२. आवाजाचे दान. 'कॉमन व्हॉइस' हा उपक्रम मोझिला या संस्थेने इ. स. २०१७ मध्ये सुरू केला. यंत्रांना निरनिराळ्या भाषांतील बोलणे ओळखता यावे म्हणून लोक त्यात वाक्ये वाचून देतात, आणि इतरांनी वाचलेली वाक्ये ऐकून बरोबर-चूक ठरवितात. त्यात मराठीचा समावेश आहे. येथे शिक्षकाने एक सवय बाजूला ठेवावी. वाचणाऱ्याचा हेल वऱ्हाडी आहे, खानदेशी आहे की कोकणी, यावरून वाक्य नापास करावयाचे नाही. लिहिलेले शब्द तसेच वाचले की नाही, एवढेच पाहावयाचे. यंत्राने केवळ शहरी मराठीच ऐकली, तर खेड्यातील माणसाचे बोलणे त्याला कधीच कळणार नाही.

३. चित्रांचे वर्णन. प्राथमिक वर्गातील अर्धा पाठ चित्रात असतो. अंध मुलासाठी प्रत्येक चित्राचे दोन-तीन वाक्यांत वर्णन लिहून ठेवावे. 'सुंदर देखावा' असे लिहिणे निरुपयोगी. 'विहिरीवर दोन मुली आहेत, एक दोर ओढते आहे, दुसरीच्या काखेत रिकामी घागर आहे' असे लिहावे. पाठात ज्या गोष्टीवर प्रश्न आहे, ती वर्णनात प्रथम यावी.

४. वाचनीय मजकूर. देवनागरीला युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत इ. स. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले. तरीही कित्येक प्रश्नपत्रिका जुन्या पद्धतीच्या टंकांत असतात. त्यांत डोळ्याला 'क' दिसतो, पण यंत्राच्या लेखी तेथे भलतेच रोमन अक्षर असते. स्क्रीन रीडर तो कागद वाचू लागला की निव्वळ गोंधळ ऐकू येतो. परिपत्रकाचे छायाचित्र काढून ते मोबाइलवर पाठविण्याची रीतही तशीच. छायाचित्रातील अक्षरे यंत्राला अलीकडे काही अंशी ओळखता येतात, परंतु त्यावर विसंबता येत नाही. जिल्ह्यात दृष्टिहीन शिक्षकही सेवेत असतात, याचे भान ठेवावे. शाळेतील जुने चांगले साहित्य युनिकोडमध्ये पुन्हा टंकून ठेवणे हे एकाच वेळी दुरुस्तीचे आणि जतनाचे काम आहे.

५. दोषनिवेदन. कोणत्याही मुक्तस्रोत साधनात दोष आढळला, तर तो कळविण्याची सोय असते. 'चालत नाही' असे कळवून कोणाला काही बोध होत नाही. काय केले, काय व्हावयास हवे होते, आणि प्रत्यक्ष काय झाले, ही तीन वाक्ये लिहावीत. वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला हे कौशल्य शिकविण्याची गरज नाही.

या कामांची परीक्षा घेण्यासही खर्च नाही. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये 'टॉकबॅक' नावाचा स्क्रीन रीडर असतो. तो चालू करण्याआधी बंद कसा करावयाचा हे शिकून घ्यावे, कारण तो चालू असताना पडद्याला स्पर्श करण्याची रीत बदलते. मग डोळे मिटून स्वतःच पाठविलेली एखादी सूचना ऐकावी. आपले पत्र दुसऱ्याला वाचता येते की नाही, हे पाच मिनिटांत कळेल.

काही पथ्ये

पहिले पथ्य मुलांविषयी. मुलांचा आवाज वा छायाचित्र पालकांच्या संमतीवाचून कोठेही देऊ नये; संमती असली तरी नाव, गाव, अपंगत्वाचा प्रकार अशी माहिती सोबत जोडू नये. ज्या मुलाच्या सोयीसाठी उपक्रम करावयाचा, त्यालाच प्रदर्शनाची वस्तू करणे सर्वथा अनुचित होय.

दुसरे पथ्य मालकीविषयी. उघडे ठेवावयाचे साहित्य स्वतःचे असावे. पाठ्यपुस्तकातील उतारे अथवा कवींच्या कविता दुसऱ्याच्या हक्काच्या असतात. त्या परस्पर वाटण्याचा अधिकार कोणालाही नाही. जे स्वतःचे आहे, त्यावर 'हे कोणीही वापरावे, दुरुस्त करावे व वाटावे' असे स्पष्ट लिहावे. असे लिहिलेले नसेल, तर सद्‌हेतूने केलेले काम दुसऱ्याच्या हाती संशयास्पद ठरते. बोलीचे शब्द देणाऱ्या गावकऱ्यांनाही त्यांचे पुढे काय होणार, हे आधी सांगावे.

तिसरे पथ्य विचारण्याचे. अंध मुलासाठी साधन करावयाचे आणि त्या मुलालाच विचारावयाचे नाही, ही चूक फार मोठ्या माणसांकडूनही झाली आहे. बार्बिए यांच्या लिपीतील उणीव पंधरा वर्षांच्या मुलाने ओळखली, हे विसरू नये. इ. स. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने सर्वसमावेशक शिक्षण हा हक्काचा विषय केला आहे. तो प्रत्यक्षात यावयाचा तर मुलाचा शब्द उपक्रमाच्या वहीत प्रथम आला पाहिजे.

चौथे पथ्य नोंदीचे, आणि सर्व व्याख्यानाचे सार त्यात आहे. प्रत्येक उपक्रमासोबत एक पान असावे. हा उपक्रम कोणत्या अडचणीसाठी केला, साहित्य कोणत्या क्रमाने वापरावयाचे, कोणत्या मुलांना त्याचा उपयोग झाला आणि कोणत्यांना झाला नाही, काय अपुरे राहिले, एवढे त्या पानावर लिहिलेले असावे. अपुरे राहिलेले लिहिण्यास संकोच वाटू नये. पुढच्या शिक्षकाला यशाच्या वर्णनापेक्षा त्याच ओळीचा अधिक उपयोग होतो, कारण त्याचे काम तेथूनच सुरू होते.

आरंभ

मोठ्या योजनेची वाट पाहू नये. पुढील केंद्रसंमेलनास येताना प्रत्येक शाळेने आपल्या पहिली-दुसरीच्या शब्दांतील असे वीस शब्द लिहून आणावेत, जे मोबाइलने चुकीचे वाचले. जेथे मुलांची घरची भाषा वेगळी आहे, तेथील शाळेने त्याऐवजी बोलीतील वीस शब्द, ते सांगणाऱ्यांच्या संमतीने, आणावेत. कागदाच्या खाली उपक्रमाची चार ओळींची नोंद असावी आणि 'कोणीही वापरावे' हे शब्द असावेत. केंद्रातील दहा शाळांचे मिळून दोनशे शब्द होतील. ते एकमेकांनी तपासावेत, मतभेद असेल तेथे दोन्ही उच्चार लिहावेत, आणि ज्या तरुण शिक्षकाला संगणकाची माहिती असेल त्याने ते युनिकोडमध्ये टंकून सर्वांकडे द्यावेत व मूळ साधन चालविणाऱ्यांकडे पाठवावेत. जूनमध्ये ज्यांची बदली होईल, त्यांनी आपली प्रत शाळेतच ठेवावी आणि दुसरी सोबत न्यावी.